खडकी वसविण्यापूर्वीची साठ वर्षे

मलिक अंबराचे नाव आपल्या शहरात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. शाळकरी मुलालाही एवढे ठाऊक असते की, हे गाव त्याने वसविले, भडकल दरवाजा त्याने बांधला आणि नहरीचे पाणी त्याने आणले. इ. स. १६१० साली खडकी या खेड्याच्या जागी त्याने निजामशाहीची राजधानी मांडली. १६२६ साली त्याचा मुलगा फत्तेखान याने तिला फतेहनगर हे नाव दिले, १६५३ साली शाहजादा औरंगजेबाने तिचे औरंगाबाद केले, आणि २०२३ साली ती छत्रपती संभाजीनगर झाली. नावांची ही मालिका आपणां सर्वांस पाठ आहे आणि तिच्यावर वादही पुष्कळ झाले आहेत. त्या वाटेने मी आज जाणार नाही.

माझा प्रश्न निराळा आहे. खडकीची आखणी झाली त्या वेळी अंबराचे वय बासष्टच्या आसपास होते. साठी बुद्धी नाठी, अशी आपल्याकडे म्हण आहे. आणि हा गृहस्थ त्या वयात कोऱ्या माळावर दोऱ्या टाकून शहर आखावयास बसला. त्यापूर्वीची सारी हयात त्याने विकला जाण्यात, चाकरी करण्यात आणि लढण्यात घालविली होती. मग जागा कशी निवडावी, डोंगराच्या पोटातले पाणी कसे ओळखावे, वस्ती कोणत्या बाजूने वाढू द्यावी, हे त्याला कोणी शिकविले? त्याला मी स्थपती म्हणतो तो याच अर्थाने. कागदावर नकाशा काढणारा, पदवीधर वास्तुविशारद असा अर्थ येथे अभिप्रेत नाही. त्याच्या बांधकामांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत; त्या बांधकामांमागची जी साठ वर्षे आहेत, त्यांच्याकडे मात्र सहसा कोणी वळत नाही.

अंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. त्या मुलखाच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात ख्रिस्ती राजांच्या आणि मुसलमान सरदारांच्या लढाया चालत, आणि त्यांच्या मध्ये सापडलेल्या लोकांची पोरे धरून तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर आणली जात. या व्यापाराची एक बाजू आपण विसरता कामा नये. हबसाणात हिंदुस्थानी कापडाला मोठी मागणी होती. ते कापड घेण्यासाठी तिकडून सोने निघे, हस्तिदंत निघे आणि माणसेही निघत. गुजरातच्या आणि दख्खनच्या मागांवर विणलेले कापड तिकडे जाई आणि त्याच्या मोबदल्यात चापूसारखी मुले इकडे येत. विणणाऱ्या साळ्याला याची गंधवार्ताही नसे. बाजाराची रीतच अशी आहे की, माल करणारा एकीकडे राहतो आणि त्याच्या मालाने कोणाचे काय होते ते त्याला कधी कळत नाही.

येमेनमधील मोखा बंदरात चापूची विक्री झाली. पीटर वान डेन ब्रूक नावाचा एक डच व्यापारी १६१७ साली सुरतेहून मच्छलीपट्टणकडे खुष्कीच्या मार्गाने जात असता अंबराच्या छावणीत येऊन त्याला भेटला होता. त्याने किंमतही लिहून ठेवली आहे: ऐंशी डच नाणी. राजे, सुलतान, सेनापती यांच्या चरित्रांत जन्मपत्रिका सापडते, वंशावळ सापडते; या माणसाच्या चरित्रात खरेदीची पावती सापडते. मी कारखान्यांच्या फाटकांवर हयात घालविलेला माणूस आहे, आणि आकडा दिसला की माझी नजर तेथेच थबकते. ठेकेदार बदलला की नव्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर चढणारे कंत्राटी कामगार मी रोज पाहतो. ते गुलाम नव्हेत. तशी तुलना करणे म्हणजे गुलामाच्या दुःखाची थट्टा होईल. परंतु आपल्या अंगाचा भाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचा अनुभव काय असतो याची थोडीफार कल्पना मला त्यांच्यामुळे आली आहे.

मोख्याहून तो बगदादला गेला. तेथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. पोराची बुद्धी पाहून त्याने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले, इस्लामची दीक्षा दिली आणि ‘अंबर’ हे नाव ठेविले. अंबर म्हणजे समुद्रात सापडणारे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, संदल म्हणजे चंदन अशी नावे देण्याची तेव्हा चाल होती. नावे गोड खरी, पण ती सारी व्यापाऱ्याच्या मालाच्या यादीतली! पुढे ज्या नावाने दिल्लीच्या तख्ताची झोप उडविली, ते नाव मुळात एका दुकानदाराने ठेवलेले होते. बगदाद हे तैग्रिस नदीच्या काठचे, शेकडो वर्षे कालव्यांवर जगलेले शहर. तेथे या पोराने पाण्याचे काय काय पाहिले असेल याचा ज्याने त्याने तर्क करावा. मी एवढेच म्हणतो की, डोळे मिटून राहणाऱ्यांपैकी तो नव्हता.

१५७० नंतरच्या चार-पाच वर्षांत केव्हातरी अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी आणि स्वतः पूर्वी गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. असे लोक विकत घेण्यात सुलतानांचा हिशोब सरळ होता. दरबारात दोन तट असत: एक दख्खनी लोकांचा आणि दुसरा इराण-तुराणहून आलेल्या परदेशी लोकांचा. दोन्ही तटांना नातीगोती, सोयरसंबंध, जहागिऱ्या. हबशी गुलामाला येथे ना भाऊ, ना काका, ना गाव. त्याची निष्ठा एकट्या मालकाशी, म्हणून त्याला घोडा द्यावा, तलवार द्यावी आणि जवळ बाळगावा. अमेरिकेतील मळ्यांवर राबणारा गुलाम आपल्या डोळ्यांपुढे असतो, पण दख्खनच्या लष्करी गुलामगिरीची जात वेगळी होती. येथे विकत घेतलेला माणूस शिपाई होई, शिपायाचा सरदार होई, आणि मालक वारला की बहुधा मोकळाही होई. ती सौम्य होती असे मात्र कोणी समजू नये. आईपासून तोडून आणलेल्या पोराला पुढे सरदारकी मिळाली म्हणून ते तोडणे काही भरून निघत नाही.

चंगीझखानाच्या हाताखाली अंबराला राज्य कसे चालते ते जवळून पाहावयास मिळाले. १५७४ साली वऱ्हाड निजामशाहीत आले ते याच पेशव्याच्या कारकिर्दीत. पण त्यानंतर लवकरच सुलतान मुर्तझा निजामशाहाच्या मनात संशय भरविण्यात आला आणि चंगीझखानाचा विषप्रयोगाने अंत झाला. त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले. अंबर मोकळा झाला, त्याने लग्न केले आणि तो रस्त्यावर आला. ‘मोकळा’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन्ही अर्थ आहेत, हे गिरणी बंद पडलेल्या गावातल्या लोकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. मालकाची बेडी सुटली आणि मालकाची भाकरीही सुटली.

यानंतरची वीस वर्षे इतिहासकार दोन ओळींत उरकतात. माझ्या मते खडकीचा पाया त्या वीस वर्षांत पडला. या काळात अंबर भाडोत्री शिपाई म्हणून हिंडला. अहमदनगर आणि विजापूर या दोन दरबारांच्या मुलखात त्याची उमेदवारी झाली. ही दोन्ही शहरे त्या वेळी कशी होती ते थोडे डोळ्यांपुढे आणा. अहमदनगर १४९० साली वसले ते अवर्षणाच्या पट्ट्यात. तेथल्या निजामशाही उमरावांनी भोवतालच्या टेकड्यांच्या पायथ्याशी पाणी धरून ते जमिनीखालून खापरी नळांनी शहरात, महालांत आणि हौदांत खेळविले होते. मुर्तझाचा मंत्री सलाबतखान हा तर पाण्याचा मोठा शौकीन. १५८३ साली पुरा झालेला फराहबाग तलावाच्या मधोमध उभा आहे. नळाचे पाणी नसते तर त्या माळावर तलाव तरी कोठून झाला असता? अहमदनगरच्या भिंती-महालांची कीर्ती सगळ्यांनी ऐकली आहे, पण त्या शहराची खरी करामत जमिनीच्या खाली होती. अंबराचे तारुण्य याच दख्खनमध्ये गेले. घोड्याला पाणी पाजावयास नेणाऱ्या शिपायाला हौद कोठून भरतो हे दरबाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक असते.

विजापूरच्या चाकरीत त्याला ‘मलिक’ हा किताब मिळाला. मात्र किताबाने पोट भरत नाही, आणि आता त्याच्या मागे स्वतःची माणसे होती. त्यांच्या पोटापाण्याची पुरेशी तजवीज होईना, तेव्हा १५९५ च्या सुमारास त्याने विजापूर सोडले आणि तो अहमदनगरकडे परतला. त्याच्याबरोबर होते दीडशे घोडेस्वार. दीडशे हा आकडा लढाईच्या वर्णनात किरकोळ वाटतो. पण दीडशे घोडी म्हणजे रोजची दीडशे घोड्यांची वैरण, दीडशे माणसांची भाकरी, नाल, खोगीर, औषधपाणी. खजिना नसलेल्या पुढाऱ्याने एवढे लोक बांधून ठेवणे म्हणजे काय असते, ते ज्याने संपात दोन महिने शंभर कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेविल्या असतील त्यालाच कळेल.

तो परतला आणि निजामशाहीवर आभाळ कोसळले. गादीसाठी चार-चार दावेदार उभे होते, आणि त्यांच्यातल्याच एका गटाने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीस बोलावून घेतले. डिसेंबर १५९५ मध्ये मोगलांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. चांदबिबीने हा किल्ला कसा लढविला ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. आतल्या लोकांनी उलट खोदून काही निकामी केले, पण एकाने तटाला भगदाड पाडलेच. त्या रात्रीत चांदबिबीने स्वतः उभे राहून भगदाड बुजविले आणि सकाळी मोगलांना पुन्हा भिंत दिसली. या युद्धात अंबर आपले दीडशे स्वार घेऊन अभंगखान या हबशी सरदाराच्या बाजूला होता. वेढा उठला तो वऱ्हाड देऊन. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. चांदबिबीचा तिच्याच माणसांनी खून केला आणि ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला.

बहुतेकांच्या लेखी निजामशाही तेथे संपली होती. अंबराने ती संपू दिली नाही. त्याने राजघराण्यातील एक मुलगा शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तझा दुसरा म्हणून गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. दीडशे स्वारांचे तीन हजार झाले, तीन हजारांचे सात हजार झाले. १६०२ साली नांदेडजवळ मोगलांशी गाठ पडली. समोर होता मिर्झा इरज, म्हणजे खानखानान अब्दुर्रहीम याचा मुलगा. ज्याचे दोहे आपण शाळेत पाठ केले तोच हा रहीम. या लढाईत अंबर जबर जखमी होऊन पडला. त्याच्या हबशी आणि दख्खनी शिपायांनी त्याला उचलून रणाबाहेर काढले. विकत घेतलेली माणसे मालक पडला की पांगतात. ही पांगली नाहीत. समोरासमोरच्या लढाईत मोगलांच्या तोफांपुढे आणि भारी घोडदळापुढे आपला टिकाव लागणार नाही, हे नांदेडच्या जखमेने त्याला शिकविले असावे असे मला वाटते.

कारण त्यानंतरचे त्याचे युद्ध निराळे आहे. मोगल इतिहासकार ज्याला बारगीगिरी म्हणतात आणि आपण गनिमी कावा म्हणतो, ते तंत्र त्याने मराठा स्वारांच्या जोरावर राज्याच्या धोरणाइतके मोठे केले. त्याचे व्याकरण साधे आहे. मोगल फौज म्हणजे चालते शहर. तिला रोज धान्य, वैरण आणि पाणी हवे. तेव्हा फौजेला हात लावावयाचा नाही. तिची रसद तोडावयाची, वैरणीला गेलेल्यांना गाठावयाचे, आणि तिला घाटांच्या अशा तोंडाशी न्यावयाचे की पुढे डोंगर आणि मागे कोरडी नदी. आता विचार करा, हे करण्यासाठी सेनापतीला काय ठाऊक असावे लागते? कोणत्या गावच्या विहिरीला चैत्रात पाणी असते, कोणत्या ओढ्याच्या वाळूखाली हातभर खणले की झरा लागतो, हे सारे. शत्रूचे शहर तहानेने मारावयास जो शिकला, त्याला आपले शहर तहानेपासून वाचविण्याची विद्या आपोआप येते. परांडा, जुन्नर, दौलताबाद असे या माणसाने आठ-दहा वर्षांत राजधानीचे बिऱ्हाड तीन ठिकाणी हलविले. मियाँ राजू हा घरातला प्रतिस्पर्धी याच काळात त्याने बाजूला सारला, आणि १६१० साली अहमदनगरचा किल्लाही मोगलांकडून परत घेतला.

त्याच वर्षीची एक हकीकत मात्र मला वगळता येत नाही. वान डेन ब्रूकने ऐकून लिहिले आहे की, मुर्तझाच्या थोरल्या इराणी राणीने अंबराच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणविले. मुलीने ते बापाला सांगितले आणि अंबराने सुलतानाला व त्या राणीला विष देवविले. पस्तीस वर्षांपूर्वी मुक्त झालेला, राज्याचा सर्वाधिकारी झालेला हा माणूस. तरी मोख्याच्या बाजारातली ऐंशी नाणी त्याच्या लेकीच्या अंतःपुरापर्यंत येऊन पोहोचली होती. यात त्याची बाजू घेण्याजोगे काही नाही. आणखी एक गोष्ट सांगतो. त्याच सुमारास आलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच अंबराच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे नोंदवितो. त्या दहा हजारांतले कितीतरी अंबरासारखेच विकत आलेले होते. बाजारातून आलेल्या माणसाच्या हाती सत्ता आली आणि बाजार चालूच राहिला.

अशा माणसाने १६१० साली राजधानीसाठी खडकी निवडली. नावच सांगते, खडकाळ जागा. उत्तरेला एक डोंगररांग, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर, मधून खाम नदी, आणि दौलताबादचा अजिंक्य किल्ला घोड्यावरून तास-दीड तासाच्या अंतरावर. शिपायाच्या डोळ्याने पाहिले की या जागेचा अर्थ उलगडतो. राहावयास मोकळे मैदान, पळावयास किल्ला. आपण आज पाहतो तो शहराचा तट औरंगजेबाच्या काळातला, १६८० नंतरचा आहे. अंबराचा भरवसा भिंतीवर नव्हता. १५९६ साली एका सुरुंगाने तटाचे काय होते ते त्याच्या पिढीने पाहिले होते. १६१२ साली त्याने भडकल दरवाजा उभारला तो मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून. जामा मशिदीचे मूळ काम त्याच्याच काळातले. औरंगजेबाने ती पुढे वाढविली.

पण या नगराचा जीव नहरीत होता. तिची युक्ती थोडक्यात सांगतो. हर्सूलच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी पावसाचे पाणी माती-मुरमातून झिरपत खाली जाते आणि काळ्या पाषाणाच्या थरावर अडून राहते. तेथे विहिरी खणावयाच्या, त्या विहिरी जमिनीखालून भुयाराने एकमेकींना जोडावयाच्या, आणि भुयाराला शहराकडे अगदी हलका उतार द्यावयाचा. उतार जास्त झाला तर पाणी भुयार कापते, कमी झाला तर गाळ बसतो. ठिकठिकाणी वरून तोंडे ठेवावयाची, म्हणजे हवा खेळते आणि माणूस उतरून गाळ काढू शकतो. पुढे बंद नळ. नळात कोंडलेली हवा आणि दाब मोकळा व्हावा म्हणून मध्ये मध्ये उंच बंबे, आणि तेथून हौदांना पाणी. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. पाणी आपल्याच वजनाने घरी येते. जायकवाडीचे पाणी विजेच्या बळावर चढवून आणावे लागते आणि तरीही नळाला पाणी येण्याचा वार मोजत बसावे लागते, अशा गावातल्या श्रोत्यांना याची थोरवी मी काय वर्णावी!

येथे एक गैरसमज दूर करून ठेवितो. पाहुण्यांना आपण पाणचक्की दाखवितो आणि हीच मलिक अंबराची नहर, असे बिनदिक्कत सांगतो. पाणचक्कीची नहर निराळी आहे. ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी संबंधित असून तेथला मोठा हौद अठराव्या शतकात झाला. अंबराला गुजरून तेव्हा शंभरावर वर्षे लोटली होती.

दुसरी एक गोष्ट फार मौजेची आहे. अंबराच्या नहरीचे काम झाले त्याच दशकात, १६१५ साली, तापीकाठी बऱ्हाणपुरात असेच भुयारी पाणी आणण्याचे काम सुरू झाले. त्याला आज कुंडी भंडारा म्हणतात. ते करविणारा कोण? तोच खानखानान अब्दुर्रहीम, नांदेडला अंबराला जखमी करणाऱ्या इरजचा बाप. रणात एकमेकांचे पाणी तोडणारे दोन सेनापती आपापल्या शहरात एकच इराणी विद्या वापरून जमिनीखालून पाणी आणीत होते.

खडकी दोनदा जळाली. १६१६ साली लखुजी जाधवरावांसारखे काही सरदार अंबराला सोडून मोगलांना मिळाले होते. त्या वर्षी जालन्याजवळ रोषणगावला त्याचा पराभव झाला, आणि मोगलांनी खडकीत शिरून ती उद्ध्वस्त केली. त्या फौजेचा सेनापती शाहनवाझखान, म्हणजे किताब मिळालेला तोच मिर्झा इरज. याच सुमारास जहांगीर बादशहाने आपल्या अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले. त्यात बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मुंडक्याला बाण मारीत आहे. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडके बादशहाच्या हाती कधी आले नाही. १६२१ साली शाहजादा खुर्रमची फौज आली, तेव्हा अंबराने निजामशाहाला आधीच दौलताबादेत नेऊन ठेविले होते. मोगलांना रिकामे शहर मिळाले, आणि त्यांनी ते पुन्हा जाळले. लाकूड जळते, छप्पर जळते. जमिनीखालचे पाणी जळत नाही. दोन्ही वेळा लोक परत आले आणि गाव पुन्हा उभे राहिले.

अंबर शहाण्णव कुळी साधू नव्हता, हे सांगण्यासाठी १६२४ कडे वळावे लागते. त्या साली विजापूर आणि मोगल एक झाले आणि अहमदनगरजवळ भातवडी येथे मोठी लढाई झाली. शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी अंबराच्या बाजूने होते. शरीफजी तेथेच पडले. शहात्तर वर्षांच्या अंबराने भातवडीच्या तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीची जमीन चिखल करून टाकली, आणि मग चिखलात रुतलेल्या, उपाशी, बेजार फौजेवर तो तुटून पडला. ज्याने पाणी हलक्या उताराने नेऊन हौदात सोडले, त्याच हाताने ते शत्रूवर सोडले. जय पुरा झाला. त्यानंतर तो विजापुरावर गेला आणि इब्राहीम आदिलशाहाने हौसेने वसविलेले नवे नगर नौरसपूर त्याने धुळीस मिळविले. स्वतःचे शहर दोनदा जळालेले पाहणाऱ्या नगरकर्त्याने दुसऱ्याचे शहर मोडले. युद्ध माणसाला जे शिकविते त्यात हेही येते.

मे १६२६ मध्ये सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे, जवळच त्याची पत्नी बिबी करीमा हिची. जहांगिराच्या दरबारातील बखरकार मुअतमदखान यानेही लढाईत, कारभारात आणि विचारात या माणसाला जोड नव्हती असे कबूल केले. त्याने घालून दिलेली जमीनधाऱ्याची पद्धत, जमिनीची प्रत पाहून पिकाचा दोन पंचमांश आणि पुढे रोखीत सुमारे एक तृतीयांश घेण्याची, ‘मलिकंबरी’ या नावाने पुणे प्रांतात त्याच्या मागेही चालू राहिली. तीही घोड्यावरून मुलूख पाहिलेल्या माणसाचीच पद्धत होती, पण तो एक स्वतंत्र विषय आहे.

नहर विसाव्या शतकापर्यंत शहराच्या कामी येत राहिली. तिचे काही बंबे रस्त्यांच्या कामात गेले, काही तोंडे कचऱ्याने बुजली. काही अजून शाबूत आहेत. भुयारात उतरून, दिव्याच्या उजेडात मुरूम उकरीत, इंचाइंचाचा उतार साधीत जे पुढे सरकले त्या बेलदारांची, गवंड्यांची, पाणक्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. फिंचने स्वार मोजले, वान डेन ब्रूकने नाणी मोजली. फावडी कोणी मोजली नाहीत. हर्सूलच्या वाटेने गेलात तर एखादे तोंड उघडे सापडेल. आत वाकून पाहा. भिंतीवर त्यांच्या टिकावांचे वार अजून दिसतात का, ते मला येऊन सांगा.